तिसऱ्या वळणावरचा हात

"गाडी उलटली की ट्रिगरवरचं बोट आधी काढायचं. ओरडायचं ते नंतर ओरडा."

मित्रांनो, हे वाक्य मी माझ्या पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, हे बाकीच्यांसाठी आहे. आपण काही उलटणाऱ्यांतल्या नाही.

मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे. रस्त्यावर धावणारी नव्हे, रिमोटवर चालणारी. माझी लांबी तुमच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल. चार जाड टायर, चार स्प्रिंगा, पोटात एक मोटर आणि एक बॅटरी, पाठीवर पातळ प्लॅस्टिकचं पिवळं कवच आणि त्यावर सतरा आकडा. आता पिवळा रंग ओरखड्यांच्या मधूनमधून दिसतो. पण तेव्हा मी अशी चमकायचे की आपल्याच कवचात मला खिडकी दिसायची.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. मी खोक्यातून सुट्या भागांत आले होते. अकरा वर्षांची एक मुलगी आणि तिची आई यांनी तीन रविवार बसून मला जोडलं. मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती खुर्चीत बसायची ती एका पायावर, दुसरा पाय कायम निघायच्या तयारीत. आईचं औषधांचं दुकान होतं. ती दिवसभर चिठ्ठ्यांवरचे डोस तपासायची आणि घरी आल्यावर माझे स्क्रू. मी पूर्ण झाले तेव्हा एक स्क्रू उरला. तो जास्तीचा दिलेला आहे, हे खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तरी आईने मला पुन्हा सगळी उघडली.

"आई, लिहिलंय ना."

"लिहिणाऱ्याची चूक झाली असली तर? धावताना चाक निखळलं म्हणजे?"

काही निखळणार नव्हतं. पण त्या दुसऱ्या जोडणीत माझा प्रत्येक सांधा असा घट्ट बसला की पुढे कितीतरी वर्षं मी त्याच्यावर निभावून नेलं. काळजी करणाऱ्या माणसांच्या हातून अशी कामं होतात.

शर्यतीचा ट्रॅक एका जुन्या गोदामाच्या मागे होता. मातीचा, रंगवलेल्या पाइपांनी आखलेला, पाच वळणांचा. तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी एक उंचवटा होता. त्याच्यावरून गाडी हवेत उडायची आणि थेट वळणात पडायची. एका बाजूला लाकडी मचाण होतं. त्यावर सगळे चालवणारे हातात रिमोट घेऊन, वेग देणाऱ्या ट्रिगरवर बोट ठेवून रांगेत उभे राहायचे. सगळा कारभार एका मावशीकडे होता. एरवी ती रोपवाटिका चालवायची, रविवारी गळ्यात शिट्टी अडकवून इथे. त्यामुळे ती शिट्टीमावशी. सुरुवातीचं वाक्य तिचंच.

"उलटलेली गाडी आपोआप सरळ होत नाही," तिने भिंगरीला सांगितलं. "प्रत्येक वळणावर एक माणूस उभा असतो. त्याला मार्शल म्हणतात. तो गाडी सरळ करून देतो. त्याला हातच असतात, चिमटे नसतात. आणि दुसरं, आपली शर्यत झाली की पुढच्या शर्यतीला आपण मार्शल व्हायचं. ज्याने त्याने."

आई लगेच पुढे झाली. "अहो, अकरा वर्षांची आहे. एवढ्या उन्हात, त्या गाड्यांच्या मधे? पुढच्या वेळी बघू."

"म्हणजे तिची गाडी उलटली की कुणी उचलायची, तेही पुढच्या वेळीच बघायचं का?"

तेवढ्यात कुंपणाजवळ उभे असलेले एक उंच, किडकिडीत गृहस्थ म्हणाले, "राहू दे. मी उभा राहतो तिच्या जागी. आठवडाभर बसून बसून पाय आखडलेत माझे."

हे घड्याळकाका. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्याकडे स्वतःची गाडी नव्हती. ते नुसते शर्यती बघायला यायचे आणि जिथे मार्शलची जागा रिकामी दिसेल तिथे जाऊन उभे राहायचे. त्या दिवसापासून भिंगरीची शर्यत संपली की ती सावलीत बिस्किटं खायची आणि काका तिच्या वाट्याचं ऊन खायचे.

मला याचं काहीच वाटलं नाही. मी जिंकण्याच्या नादात होते. खरं सांगते, उलटी पडल्यावरही मला लाज वाटायची नाही. पाठ मातीत आणि चाकं आभाळाकडे असली तरी मी ती गरगर फिरवत राहायचे. घाबरली की भिंगरी ट्रिगर आणखी दाबायची. आम्हा दोघींना वाटायचं, जेवढा आवाज जास्त तेवढं लवकर कुणीतरी येईल.

सहाव्या रविवारी तेच झालं. आम्ही तिसऱ्या होतो. उंचवट्यावरून मी जरा तिरपी उडाले आणि पाठीवर आदळले. तिसऱ्या वळणावर घड्याळकाका होते. सकाळपासून त्यांची ती चौथी शर्यत, त्यातल्या दोन भिंगरीच्या वाट्याच्या. ते धावत आले. त्यांचा हात माझ्याकडे आला. मचाणावरून भिंगरी ओरडत होती, "काका, लवकर, लवकर!" आणि ट्रिगर पूर्ण दाबलेला होता.

मला टायर आणि चाक धरणाऱ्या दांडीच्या मधल्या फटीत एक अडथळा जाणवला. छोटासा, मऊ. मी जोर लावला.

तो अडथळा सुटला. मग रुमाल गुंडाळलेल्या हाताने मला कुणीतरी उचलून नीट सरळ ठेवलं, तोंड बरोबर दिशेला करून. मी सुसाट निघाले. आम्ही दुसऱ्या आलो. भिंगरीला हिरवी फीत मिळाली. टाळ्या वाजवणाऱ्यांत घड्याळकाका नव्हते. ते एक हात खिशात घालून कुंपणाच्या फाटकातून बाहेर पडत होते.

संध्याकाळी आईने टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि जुन्या टूथब्रशने मला घासायला घेतलं. ती माझं एकेक चाक फिरवून बघायची. पुढच्या उजव्या चाकापाशी तिचा हात थांबला. दांडीत पांढऱ्या रुमालाचा एक धागा अडकला होता, आणि टायरच्या कडेला एक तपकिरी डाग होता. तिने तो ओल्या कापसाने टिपला आणि कापूस उजेडात धरला.

"भिंगरी, इकडे ये. ही माती नाही."

भिंगरी फीत आरशाला लावत होती. तिथूनच म्हणाली, "मग काय आहे?"

"काकांनी गाडी उचलली तेव्हा तू ट्रिगर सोडला होतास?"

आईने पुन्हा विचारलं नाही. तिने फक्त तो कापूस वर्तमानपत्रावर ठेवला, भिंगरीला दिसेल असा.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी घड्याळकाकांच्या दुकानात गेल्या. भिंगरीने मला पिशवीत घालून नेलं होतं. का नेलं ते तिलाही माहीत नसावं. दुकान एवढंसं होतं. भिंतीभर घड्याळं, आणि काउंटरवर उघडी पडलेली सहा-सात मनगटी घड्याळं, प्रत्येकाखाली चिठ्ठी. काकांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला जाड पट्टी होती. डाव्या हातात चिमटा धरून ते एक स्क्रू उचलू बघत होते. तिळापेक्षा लहान स्क्रू. तो तीनदा पडला.

"आधी मला बोट दाखवा," आई म्हणाली.

"अहो, टाके घातलेत. नख गेलंय, ते येईल."

"पट्टी ओली झाली आहे. बदलायला हवी. औषध चालू आहे ना? वेळच्या वेळी घेताय ना?"

"घेतोय. तुम्ही बसा तरी."

आई बसली नाही. भिंगरी पिशवी छातीशी धरून उभी होती. "सॉरी काका," ती म्हणाली.

काकांनी चिमटा खाली ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं. "बोटाचं काही नाही गं. महिनाभरात भरेल. पण आज सकाळी पंख्याचं बटण दाबायला हात पुढे केला, आणि तो अर्ध्यातून मागे आला. आपला आपणच. मी तो पुन्हा पुढे नेला, तो पुन्हा मागे. हात घाबरलाय माझा." त्यांनी काउंटरवरच्या घड्याळांकडे पाहिलं. "आणि घाबरलेल्या हाताने ही कामं होत नाहीत."

भिंतीवरची सगळी घड्याळं टिकटिकत होती. माझ्या पोटात बॅटरी नव्हती, तरी मला चाकं जड झाल्यासारखी वाटली.

"मी काय करू?" भिंगरीने विचारलं.

"तुझं सॉरी इथे राहू दे. रविवारी मी येणार नाही. तिसऱ्या वळणावरची जागा रिकामी आहे."

आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला वाटलं आता ऊन निघणार, वय निघणार. तिने तोंड मिटलं. मग म्हणाली, "टोपी घालून जा."

पुढचे चार रविवार मी धावले नाही. भिंगरीने मला कुंपणाजवळच्या बाकावर ठेवलं आणि ती तिसऱ्या वळणावर उभी राहिली. आई कुंपणाची तार मुठीत धरून उभी. मला दोघी दिसायच्या.

तिथे एक बसचालक यायचा. आठवडाभर तो प्रवाशांना घेऊन इतकी हळू बस चालवायचा, की रविवारी त्याच्या काळ्या गाडीतून सगळा हिशेब वसूल व्हायचा. त्याला सगळे रॉकेट म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्याची गाडी भिंगरीसमोर उलटली, चाकं गरगरत. ती वाकली आणि थबकली.

"ए बाई, उचल की," रॉकेट वरून ओरडला. "पाळण्यात घालून जोजवणार आहेस का तिला?"

तिने हात घातला. टायर तिच्या मनगटाला घासून गेला. तारेवरची आईची मूठ पांढरी पडली, पण ती जागची हलली नाही. तेवढं करायला तिला किती बळ लागलं असेल, ते ज्यांच्या घरी अशी आई आहे त्यांनाच कळेल.

त्या संध्याकाळी मनगटाला मलम लावून घेताना भिंगरी म्हणाली, "आई, मी मोजलं. चाकं थांबलेली असली की गाडी एका सेकंदात उचलता येते. फिरत असली तर चार-पाच लागतात. आधी धीर करावा लागतो."

मग घरात एक नवा खेळ सुरू झाला. भिंगरी मला बोळात पळवायची आणि आई मधेच झाडूच्या दांड्याने मला उलटवायची. उलटवली की लगेच माझ्या चाकाच्या फटीत गाजर धरायची. पहिल्या दिवशी तीन गाजरं तुटली. त्या तुकड्यांकडे बघून दोघीही हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एकच तुटलं. आठवडा संपता संपता भिंगरीचा हात असा तयार झाला की माझी पाठ जमिनीला लागायच्या आत माझी चाकं थांबायला लागायची. ती ट्रिगरवरचं बोट काढायची, तोच हात उंच करायची आणि मोठ्याने म्हणायची, "सोडलं."

आणि मला, जिला उलटी पडूनही गरगरायची हौस होती, त्या मला गप्प पडून राहण्यातली ऐट कळली. गाजरं मात्र त्या आठवड्यात रोज जेवणात होती.

आम्ही पुन्हा शर्यतीत उतरलो तेव्हा मचाणावर हशा पिकला. मी उलटले, भिंगरीने हात वर केला. रॉकेट म्हणाला, "हजेरी चालू आहे वाटतं. बाई, मीपण हजर."

भिंगरीचे कान लाल झाले. पण हात खाली आला नाही.

बाकीचंही ती शिकली. मागून जास्त वेगाची गाडी एक फेरी पुढे जायला आली, की ती रुंद जागा बघून मला कडेला घ्यायची आणि सांगायची, "डावीकडून जा." एकदा आमचा धक्का लागून एक निळी गाडी उलटली. आम्ही पुढे निघून जाऊ शकलो असतो. भिंगरीने मला तिथेच थांबवलं. निळी गाडी सरळ होऊन निघाली, मग आम्ही निघालो. तिच्या मागे. त्या दिवशी आम्ही सहाव्या आलो. घरी जाताना आईने विचारलं, "वाईट वाटतंय?" भिंगरी म्हणाली, "हो. पण तेवढं नाही."

हंगामाचा शेवटचा रविवार आला. सकाळी फाटकातून घड्याळकाका आत आले. पट्टी निघाली होती. बोटाच्या टोकाला नवी, गुलाबी कातडी होती.

भिंगरी धावत गेली. "काका, तुम्ही नका उभे राहू."

"मग कोण राहणार? तुझी शर्यत आहे. एका वेळी वर आणि खाली दोन्हीकडे राहणार आहेस का?"

"तुमचा हात..."

"बघू ना, काय म्हणतोय ते."

पहिल्या शर्यतीत एक लाल गाडी त्यांच्यासमोर उलटली, गुरगुरत. काकांचा हात पुढे गेला. आणि अर्ध्यातून मागे आला. शेवटी त्यांनी ती बुटाने ढकलून सरळ केली. वरून कुणीतरी हसलं. काकांनी हात खिशात घातला. मचाणाखाली बसून माझी बॅटरी लावणाऱ्या भिंगरीने हे पाहिलं. आईनेही पाहिलं. तिने माझे स्क्रू आणखी एकदा तपासले.

मग आमची शर्यत लागली. आठ गाड्या, पाच मिनिटं. शिट्टी वाजली.

मित्रांनो, त्या दिवशी मी जशी धावले तशी पुन्हा कधी धावले नसेन. पहिलं वळण मी पाइपाला न शिवता घेतलं. दुसऱ्यावर दोन गाड्या एकमेकींत अडकल्या, मी मधून निघाले. तिसऱ्या मिनिटाला माझ्यापुढे फक्त रॉकेटची काळी गाडी उरली होती. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा आमच्यात एका हाताचं अंतर होतं. उंचवट्यावर आम्ही दोघी एकदम चढलो. हवेतच ती तिरकी झाली आणि माझ्या अंगावर आली. आभाळ खाली गेलं, माती वर आली. आम्ही दोघी तिसऱ्या वळणात पाठीवर पडलो.

ती काकांच्या पायाजवळ पडली होती, मी दोन पावलं पलीकडे. तिच्या चारी चाकांचा नुसता गोंगाट चालला होता. जवळची गाडी आधी, या नियमाप्रमाणे काका तिच्याकडे वाकले. हात पुढे गेला. थांबला.

"सोडा," काका म्हणाले.

"आधी उचला," वरून रॉकेटचा आवाज. चाकं फिरतच राहिली. काकांचा हात मागे आला.

आणि तेवढ्यात मचाणावरून स्पष्ट आवाज आला, "सोडलं, काका. सोडलंय."

काकांनी मान वर केली. भिंगरीचा हात उंच, पाची बोटं उघडी. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाठीवर पडले होते, चारही चाकं स्तब्ध. आयुष्यात मी एवढी शांत कधी नव्हते. शर्यत संपल्याची शिट्टी वाजायला थोडाच वेळ उरला होता, आणि मला फक्त एकच वाटत होतं, की हा हात परत जाऊ नये.

त्यांचा हात पुढे आला. उजवा. वाटेत कुठेही थांबला नाही. नवी कातडी माझ्या त्याच चाकाला लागली. एका सेकंदात मी सरळ झाले, तोंड बरोबर दिशेला.

चौथं वळण, पाचवं वळण आणि शेवटची रेघ. आम्ही पहिल्या आलो.

कुंपणापाशी आईने तार सोडली. तिच्या तळव्यावर तारेचे चौकोन उमटले होते. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती घड्याळकाकांकडे बघत होती, आणि काका आपल्या हाताकडे. उलटसुलट करून बघत होते, हरवलेली वस्तू परत मिळाल्यावर बघतात तसे.

रॉकेट तावातावाने खाली उतरला. "मावशी, माझी गाडी जवळ होती. आधी माझी उचलायला हवी होती."

"ते आधी तुझ्याकडेच आले होते," शिट्टीमावशी म्हणाली. "तुझी गाडी त्यांना बोलवत नव्हती, हाकलत होती."

रॉकेटने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्याचं लक्ष काकांच्या बोटाकडे गेलं. नख अजून अर्धंच आलं होतं. मग त्याने विचारलं, "हे कधी झालं?"

"दोन महिने झाले," काका म्हणाले.

"मी तर दर रविवारी इथेच असतो."

"हो ना," काका म्हणाले.

त्या दिवशीच्या शेवटच्या शर्यतीत काळी गाडी दुसऱ्या वळणावर उलटली. मचाणावर रॉकेटचा हात सावकाश वर गेला. "सोडलं," तो पुटपुटला. "ऐकू आलं नाही," भिंगरी खालून म्हणाली. तेव्हा ती दुसऱ्या वळणावरच्या रिकाम्या जागी मार्शल होती. तो मोठ्याने म्हणाला, "सोडलं, बाई!" सगळं मचाण हसलं. आणि पुढच्या हंगामात त्या मचाणावर असा एकही हात नव्हता जो वर जात नव्हता.

काकांनी त्याच आठवड्यात काउंटरवरची सगळी घड्याळं चालू करून दिली. भिंगरीला मिळालेला पत्र्याचा कप आईने स्क्रू ठेवायला घेतला. तो उरलेला जास्तीचा स्क्रू अजून त्यात आहे.

वर्षं गेली. भिंगरी मोठी झाली, तिच्याकडे नवी, माझ्याहून वेगवान गाडी आली. मी दोन वर्षं कपाटावर होते. कवचावर धूळ बसली, टायर कडक झाले. वाईट वाटायचं, नाही असं नाही. मग एके दिवशी शिट्टीमावशीने निरोप धाडला, नव्या मुलांना शिकवायला एक धडधाकट गाडी हवी आहे. आईने मला खाली उतरवलं, सगळी उघडली आणि पुन्हा जोडली. या वेळी एकही स्क्रू उरला नाही.

आता ट्रॅकवर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पहिल्यांदा माझाच रिमोट येतो. मावशी मला बुटाने उलटवते आणि चाकात गाजर धरते. कुणी किती गाजरं तोडली, ते मी कुणाला सांगत नाही.

मित्रांनो, तुमचीही शर्यत होईल, आणि तुम्ही जिंकालही. पण ती संपली की कप कुठे ठेवायचा ते नंतर ठरवा. आधी मचाणावरून खाली उतरा आणि तिसऱ्या वळणापर्यंत चालत जा. तुमच्यासाठी तिथे जो कुणी उभा होता, त्याने हात खिशात घातला असेल, तर त्याला तो बाहेर काढायला सांगा. बोटं नीट बघा. पाचही.